शिवणीतली माया

सूड कसा असावा याबद्दल मास्तरांची मतं शिलाईबद्दलच्या मतांइतकीच पक्की होती. टाका दिसता कामा नये. वरून कापड सपाट हवं, आतून शिवण घट्ट हवी, आणि कुठे काय केलंय याचा घालणाऱ्याला सुगावाही लागता कामा नये. मात्र अगदी शेवटी, एकदाच, अस्तर उलटून दाखवायचं, की बाबा रे, हे मी केलं आणि अमुक कारणासाठी केलं. हे शेवटचं राहून गेलं तर त्याला सूड म्हणायला मास्तर तयार नव्हते. ती नुसती खोडी झाली, आणि खोड्या काढायचं त्यांचं वय केव्हाच उलटून गेलं होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. उताराच्या अरुंद रस्त्यावर त्यांचं दुकान होतं आणि दुकानावरच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. बिऱ्हाड म्हणायचं ते आपलं सवयीने. बायको गेल्यापासून तिथे एक माणूस, एक शेगडी आणि खुंटीवर टांगलेला एक निळा पोशाख एवढंच उरलं होतं. खाली दुकानात लांबलचक टेबल, कोळशाची इस्त्री, पायमशीन आणि उभा आरसा. त्या रस्त्यावर ऊन यायचं ते पत्ता चुकल्यासारखं, आणि लगेच निघून जायचं. दिवसाही दिवा लावून काम करावं लागे. शेजारचा घड्याळजी म्हणायचा, "आपल्या दोघांना डोळ्यांचे धंदे दिले आणि उजेड द्यायचा राहिला बघा." मास्तर यावर हसत नसत. ते कशावरच हसत नसत, म्हणून घड्याळजी चिकाटीने रोज नवीन काहीतरी काढी.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी खिडकीशी त्यांची बायको बसायची. काजं करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि बोलण्यातही. मास्तर मात्र मुळातच घुमे, त्यात दिवसभर दातांत टाचण्या. तिने काहीही विचारलं की त्यांचं उत्तर एकच असे, "हं."

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. उद्या माणूस अंगाने भरला तर तीच माया सोडून कपडा मोठा करता येतो, आणि वाळला तर आणखी कापड आत घेऊन लहान करता येतो. चिक्कू शिंपी ती कापून टाकतो. मास्तर चांगली बोटभर ठेवत. बायको म्हणायची, "अहो, कपड्यात एवढी माया ठेवता, थोडी बोलण्यात ठेवली तर काय जातं तुमचं?" मास्तर म्हणत, "हं."

एका हिवाळ्यात तिचे कपडे सैल व्हायला लागले. आधी खांद्यावर, मग कमरेला. मास्तर आत घेऊन द्यायचे, हातचंच काम ते. तिने ते गमतीवारी नेलं आणि मग हळूहळू तिची गंमत कमी झाली. "अहो, मी वाळत चाललेय," ती म्हणाली. शेवटी ती उताराच्या माथ्यावरच्या बड्या डॉक्टरांकडे गेली. एका मोठ्या गिऱ्हाइकाचा कोट त्याच दिवशी द्यायचा होता, म्हणून एकटीच गेली. परत आली ती हसत. डोक्याचा रुमाल सोडत म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, कपडे सैल झाले म्हणून कुणी मरत नाही. मनाचे खेळ आहेत. घरी जा, दूध प्या." मास्तरांचाही जीव भांड्यात पडला. त्या दिवशी त्यांनी टाचण्या बाजूला ठेवून तिच्याशी बराच वेळ गप्पा मारल्या.

हिवाळा सरायच्या आत ती गेली. अगदी शेवटी दुसऱ्या डॉक्टरला आणलं होतं. त्याने तिचा हात परत पांघरुणाखाली ठेवला आणि विचारलं, "इतका उशीर का केलात? आधी दाखवायचं नाही का?"

तेव्हापासून ते वाक्य मास्तरांच्या डोक्यात रुतून बसलं. कपडे सैल झाले म्हणून कुणी मरत नाही. मशीन चालवताना पायांच्या तालावर ते ऐकू येई. हे वाक्य त्या माणसाला परत करायचं, त्याच्याच अंगावरचे कपडे सैल झालेले असताना, त्याची पाचावर धारण बसलेली असताना. यापलीकडे मास्तरांना आयुष्याकडून काही नको होतं. पण हे घडावं कसं? डॉक्टर माथ्यावर, मास्तर उतारावर. डॉक्टरांचे कपडे चौकातला म्हातारा शिंपी शिवायचा. वर्षं गेली. मास्तरांचे केस पिकले, चष्मा आला, राग मात्र होता तसाच राहिला.

आणि मग एका धुक्याच्या सकाळी डॉक्टर आपल्या पायांनी उतार उतरून दुकानात आले. हातावर कोटांची चळत.

"आमच्या म्हाताऱ्याला दिसेनासं झालंय," ते म्हणाले. "आता तुम्हीच सांभाळा, मास्तर. तुमचं काम पाहिलंय मी."

कुठे पाहिलं, हे मास्तरांनी विचारलं नाही. त्यांचे कान वाजत होते. समोर उभा होता तो माणूस देखणा होता, उंचापुरा, भरल्या अंगाचा, आणि कपड्यांच्या बाबतीत भलताच चोखंदळ. कॉलरला सुरकुती दिसली तर रोग्याची नाडी सोडून आरशाकडे वळेल असा. मास्तरांनी टेप उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या अंगाचं माप घेतलं. छाती, कमर, गळा. गळ्याशी टेप जरा जास्त वेळ राहिला. पण मास्तर काही गळा दाबणाऱ्यातले नव्हते. टाका दिसता कामा नये.

त्यांनी घाई केली नाही. सुरुवातीला नुसते कोट झटकले, इस्त्री केली, एखादं बटण पक्कं केलं. दर आठवड्याला कपडे येत, दर आठवड्याला जात. डॉक्टरांचा विश्वास बसला. मग एकदा मास्तरांनी एका कोटाची बगलेखालची शिवण उसवली आणि दोऱ्याच्या जाडीइतकी माया सोडून पुन्हा मारली. जुन्या टाक्यांची भोकं ओल्या फडक्यावरून वाफ देऊन बुजवली, वरून ब्रश फिरवला. डोळ्यांत तेल घालून पाहिलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पुढच्या वेळी पँटची कमर. मग शर्टाच्या कॉलरचं बटण, तेही दोऱ्याभरानेच पुढे. एकही कपडा सुटला नाही. एकच सैल झाला तर कापडाला दोष देतात, सगळेच झाले तर माणूस स्वतःकडे बघतो.

त्या दिवसांत मास्तर सुखी होते, हे सांगायलाच हवं. चांगलं नाही दिसत, पण होते. त्यांना भूक लागायची, झोप लागायची. एकदा घड्याळजीच्या विनोदावर ते चक्क हसले आणि तो बिचारा इतका दचकला की हातातली स्प्रिंग उडून गटारात गेली.

हिवाळा तोंडावर आला तेव्हा डॉक्टर आरशासमोर उभे राहिले आणि कोटाची बटणं लावून आतून मूठ फिरवून बघू लागले.

"मास्तर, हा कोट तुम्ही आत घेतला होता का?"

"नाही साहेब." खरंच होतं ते.

"मग असा का लोंबतोय?"

मास्तरांनी टेप लावला, आकडा बघितला, आणि काही न बोलता टेप गुंडाळून ठेवला. बस, एवढंच. खोटं एक अक्षर नाही.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. होतं असं."

"काटा तर तेवढाच दाखवतो," डॉक्टर स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले. दवाखान्यात वजनाचा काटा होता. त्यावर ते चढून आले होते, हे उघडच होतं. "जुना आहे म्हणा तो. अडकत असेल." एवढं बोलून ते गेले, पण दारातून बाहेर पडताना त्यांनी पँट कमरेला वर ओढली. मास्तरांनी ते पाहिलं आणि त्यांना बायकोचा हात आठवला. तीही तशीच, नकळत, खांदा सावरायची.

नंतर नंतर डॉक्टर यायचे थांबले. कपडे घेऊन त्यांची थोरली बहीण येऊ लागली. सगळे तिला ताई म्हणत. लग्न न केलेली, भावाचं घर सांभाळणारी सरळ बाई. टेबलावर गाठोडं ठेवून ती बसकण मारायची आणि मास्तर ऐकत असोत वा नसोत, बोलत राहायची.

"काय सांगू तुम्हाला, घराची पार रया गेलीय. सकाळ-संध्याकाळ काट्यावर चढतो. आधी काटा खोटा म्हणायचा, आता खरा म्हणतो. ताटावर बसला की दोन घास खातो नि उठतो, म्हणतो अन्न अंगी लागत नाही तर खाऊ कशाला? दवाखाना बंद. घरातले आरसे सगळे झाकायला लावलेत, एक कपाटाचा तेवढा ठेवलाय. त्याच्यासमोर कोट घालून उभा राहतो आणि बटणं लावतो नि काढतो. मी म्हटलं, अरे, दुसऱ्या कुणाला तरी दाखव. तर म्हणतो, मी जन्मभर लोकांना जे सांगितलं तेच मला सांगतील. आणि नाही सांगितलं तर? त्याचीच भीती वाटते म्हणतो."

मास्तर म्हणाले, "हं."

त्या गाठोड्यात एक पांढरा शर्ट होता. ताई गेल्यावर मास्तरांनी त्याचं बटण पुढे सरकवायला सुई घेतली. मग थांबले. "गळ्यात दोन बोटं सहज जातात," असं ताई बोलून गेली होती. मास्तरांनी सगळं मिळून अर्धं बोटही सोडलेलं नव्हतं. त्यांनी कोट तपासले, कमरपट्टे तपासले. उसवलं होतं ते दोऱ्यादोऱ्याने, हिशेब त्यांच्या बोटांत होता. बाकीचं सैलपण त्यांनी केलेलं नव्हतं. धास्तीने माणसाचं अन्न तुटलं होतं आणि आता तो खरोखरच वाळत होता.

त्या क्षणी सगळं परत आत घेता आलं असतं. बगलेच्या शिवणी, कमरा, कॉलरची बटणं, सगळं पूर्वीच्या मापाला आणलं असतं तर डॉक्टरांना कोट अंगात बसल्यासारखा वाटला असता, आणि त्या भरवशावर त्यांनी दोन घास जास्त खाल्ले असते. मास्तरांनी हा विचार पुरता केला आणि मग सुई टाचण्यांच्या गादीत टोचून ठेवली. आता उसवायची गरज राहिलेली नव्हती. आता फक्त अस्तर दाखवायचं होतं.

दोन-चार दिवसांनी इस्त्री केलेला कोट हातावर टाकून ते उतार चढून गेले. दिवस मावळतीला आला होता. डॉक्टरांचं घर बाहेरून भक्कम, पण आत शिरलं की कोंदट हवा अंगावर यायची. पडदे ओढलेले. भिंतींवर जागोजागी चादरी टांगलेल्या, त्यांच्यामागे आरसे होते. ताईने त्यांना वरच्या खोलीत नेलं आणि म्हणाली, "बसा तुम्ही. तुम्ही आलात की त्याला बरं वाटतं. मी सूप गरम करून आणते." ती खाली गेली.

डॉक्टर पलंगावर उशांना टेकून बसले होते, अंगात कोट घालून. कोटात माणूस आहे की नाही असं वाटावं. गाल बसले होते, छातीत घरघर होती. मास्तरांना त्यांना असं बघायचं होतं. इतकी वर्षं बघायचं होतं. ते खुर्ची ओढून जवळ बसले आणि त्यांनी ते वाक्य काढलं, घासूनपुसून ठेवलेलं.

"डॉक्टरसाहेब," ते सावकाश म्हणाले, "कपडे सैल झाले म्हणून कुणी मरत नाही. मनाचे खेळ आहेत हे."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी दोन्ही हातांनी मास्तरांचा हात धरला.

"खरं सांगता?" ते म्हणाले. "पुन्हा म्हणा."

मास्तर हात ओढू लागले, पण पकड सैल होईना.

"म्हणा ना पुन्हा. किती महिने झाले, मला हे कुणीतरी म्हणावं म्हणून तळमळतोय मी. ताई म्हणते, पण ती रडत रडत म्हणते. तुम्ही कसं शांतपणे म्हणालात. माप घेणारा माणूस म्हणतोय म्हणजे त्यात तथ्य असणार."

मास्तरांनी हात सोडवून घेतला. असं व्हायचं नव्हतं. "साहेब, नीट ऐका," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. "तुम्ही वाळत नव्हतात. कपडे मी सैल केले. मी. दर आठवड्याला शिवण उसवून माया सोडत होतो. हे बघा." त्यांनी आणलेला कोट उलटा केला, बगलेची शिवण दिव्याशी धरली, जुन्या टाक्यांची पुसट रेघ दाखवली.

डॉक्टरांनी रेघ पाहिली आणि ते हसले. आजारी माणसाचं मऊ हसू. "मास्तर, बारीक होणाऱ्याचे कपडे आत घेतात. सोडत नाहीत. एवढं मलाही कळतं. तुम्हाला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही."

"खोटं नाही! देवाशपथ सांगतो, मीच केलं!"

डॉक्टरांनी बाही वर केली. मनगटाचं हाड वर आलं होतं, कातडी लोंबत होती. "आणि हा हात? हाही तुम्हीच उसवलात का?"

तो हातही मास्तरांनीच उसवला होता, पण हे सिद्ध कशाने करायचं?

"माझ्यासारख्याला धीर देण्यासाठी स्वतःवर आळ घेताय," डॉक्टर म्हणाले. "असं कोण करतं आजकाल?"

तेव्हा मास्तरांचा तोल गेला. ते उभे राहिले. "हे वाक्य माझं नाही, तुमचं आहे. तुम्ही एका बाईला म्हणाला होतात. कपडे सैल होतात म्हणून आली होती ती तुमच्याकडे. आठवतंय? की कपड्यांखालचं माणूस तुम्हाला दिसतच नाही?"

त्यांना वाटलं होतं, डॉक्टर नाही म्हणतील. नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. विसरणाऱ्या माणसाचा द्वेष करणं सोपं असतं. पण डॉक्टरांनी मान डोलावली.

"तुमची बायको. निळ्या पोशाखातली. न आठवायला काय झालं? तिच्यामुळेच तर तुमच्याकडे आलो मी. ती आत आली आणि मी आधी तो पोशाखच बघत राहिलो. काय बसला होता अंगावर! खांद्यावर, कमरेवर, कुठे एक सुरकुती नाही. आणि म्हणे, डॉक्टर, माझे कपडे सैल होतात. मला हसूच आलं. मी म्हटलं, बाई, पोशाख तर अंगावर ओतल्यासारखा बसलाय, सैल कुठे आहे? ती म्हणाली, घरात शिंपी आहे ना, त्याने कालच आत घेतला. मला वाटलं, नवऱ्याचं कौतुक सांगतेय. दिसायला ठाकठीक होती. मग म्हटलं मी, कपडे सैल झाले म्हणून कुणी मरत नाही." त्यांना खोकल्याची उबळ आली. ती शमल्यावर ते म्हणाले, "जाताना दुकान कुठे ते विचारून घेतलं मी. म्हटलं, असा शिंपी कधीतरी लागेल. विचारायचंच राहून गेलं. कशा आहेत त्या? बरं वाटलं ना पुढे?"

हाच तो क्षण होता. "मेली ती," एवढंच म्हणायचं होतं. ते शब्द ऐकून हा माणूस कोसळला असता. सूड पुरा झाला असता. मास्तरांनी तोंड उघडलं. पण मेली म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, तिचं वाळणं झाकलं कुणी, आणि त्याचं उत्तर डॉक्टरांच्या आधी मास्तरांना मिळालं होतं.

"बरी आहे," ते म्हणाले.

ही दया नव्हती, कुणी तसं समजू नये. मास्तर घाबरले होते.

"छान," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

जिन्यात सूप घेऊन येणाऱ्या ताईच्या बाजूने मास्तर खाली उतरले, उतारावरून जवळजवळ धावत दुकानात आले आणि वर जाऊन त्यांनी तो निळा पोशाख खुंटीवरून काढला. बायको डॉक्टरांकडे गेली त्याच्या आदल्या संध्याकाळचं सगळं त्यांना लख्ख आठवत होतं. ती आरशासमोर उभी होती, पोशाख खांद्यांवरून ओघळत होता. "राहू द्या ना हो असाच," ती म्हणाली होती. "डॉक्टरांना दिसेल तरी." आणि तोंडातल्या टाचण्या काढून, कधी नव्हे ते पुरतं वाक्य मास्तर बोलले होते. "माझी बायको असल्या ढगळ कपड्यात रस्त्याने जाणार? उद्या माझ्याकडे गिऱ्हाईक येईल का?" तिने पोशाख उतरवून त्यांच्या हाती दिला होता. सकाळी ती निघाली तेव्हा दारात उभं राहून त्यांनी पाठीमागून बघितलं होतं. तिच्याकडे नाही. पाठीच्या शिवणीकडे.

त्यांनी पोशाख उलटा केला. आत मायेची जाड घडी होती. तिच्यावर एकापलीकडे एक टाक्यांच्या रेघा, प्रत्येक रेघ तिच्या अंगाची एकेका आठवड्याची. बाहेरून काही दिसत नव्हतं. डॉक्टरला काय दिसणार होतं? आणि तिने घरी येऊन अर्धंच वाक्य सांगितलं होतं. पोशाख कसा बसला होता, डॉक्टर काय म्हणाले, ते सगळं तिने स्वतःजवळ ठेवलं होतं. शेवटच्या दिवसांतही ठेवलं होतं. मास्तर पोशाखात तोंड खुपसून रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते तिच्यासाठी रडत होते. आजवर जे काय चाललं होतं ते डॉक्टरसाठी होतं.

सगळं उलट करावं असं त्यांना वाटलं. सकाळी उठून डॉक्टरांकडचे सगळे कपडे आणायचे, आत घ्यायचे, माणसाला आरशासमोर उभं करायचं. पण सकाळी दार उघडायच्या आधीच ताई दुकानाच्या पायरीवर उभी होती. तिच्या हातावर काळा कोट होता.

"पहाटे गेला," ती म्हणाली. "छातीतल्या कफाने. पण शांत गेला हो. काल तुम्ही येऊन गेलात, त्यानंतर बऱ्याच दिवसांनी वाटीभर सूप प्याला. म्हणाला, मास्तर म्हणतात मला काही झालेलं नाही."

मास्तरांनी तिच्या हातावरचा कोट घेतला.

"त्याचा आवडता कोट आहे हा. घालून बघितला तर नुसता लोंबतोय. एवढा आत घेऊन द्याल?"

"राहू द्या ना ताई असाच," मास्तर म्हणाले. आपण कुणाचे शब्द बोलतोय हे त्यांना बोलल्यावर कळलं. "दिसू दे लोकांना."

"नको हो." ताईचा चेहरा कसनुसा झाला. "लोक म्हणतील, बहिणीने भावाला उपाशी मारलं. तुम्हाला लोक माहीत नाहीत का?"

मास्तरांनी दिवा मोठा केला आणि कोट उलटा केला. आधी आपलेच टाके उसवले, सोडलेली सगळी माया परत आत घेतली, आणि तरी पुरेना म्हणून आणखी घेतली. मन लावायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण हात ऐकेनात. खांदा उतरवला, बाही बसवली, वाफ दिली, ब्रश फिरवला. मग माथ्यावरच्या घरी जाऊन स्वतःच्या हाताने तो कोट त्यांनी डॉक्टरांच्या अंगात चढवला.

दुपारपर्यंत घर भरलं. भिंतींवरच्या चादरी काढल्या होत्या, त्यामुळे एका मेलेल्या माणसाचे पाच-सहा दिसत होते, प्रत्येक आरशात एक. माणसं पायाशी उभी राहत, हळू आवाजात बोलत. कुणी म्हणालं, आजारी होते म्हणे बरेच दिवस. घड्याळजी बराच वेळ मान कलती करून बघत राहिला.

"छे!" तो शेवटी म्हणाला. "आजारी होते असं वाटतं का यांच्याकडे बघून? कोट बघा कसा बसलाय. काही झालंच नव्हतं जणू."

चार माणसांनी मान डोलावली. ताईला ते ऐकून बरं वाटलं असावं. ती गर्दीतून वाट काढत मास्तरांपाशी आली आणि डोळे पुसत म्हणाली, "मास्तर, शेवटपर्यंत फार माया केलीत हो त्याच्यावर."

मास्तर म्हणाले, "हं." या वेळी त्यांच्या दातांत टाचणीही नव्हती.